पुढे कोण उभं होतं?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘फू हायफेंग : दुहेरीतल्या खेळाडूची कारकीर्द’. विषय कळवला तेव्हा कार्यवाहांचा फोन आला. म्हणाले, ‘हा कोण? लिन डॅनवर बोला की, चार डोकी जास्त येतील.’ मी म्हटलं, दोघंही चीनचे बॅडमिंटनपटू, लिन डॅनची एकेरीतली ऑलिंपिक सुवर्णं दोन, फूचीही दोनच. तर म्हणाले, ‘हो, पण ती दुहेरीतली ना!’ हा ‘पण’ माझ्या पोटात गेली तीस वर्षं आहे. आज तो बाहेर काढणार आहे.

लिन डॅन कोणाकोणाला माहीत आहे, हात वर करा बरं. झकास. आणि फू हायफेंग? तीन हात. त्यातले दोघे माझेच पार्टनर. आणि हे पुण्यात! एके काळी हा खेळ साहेबाच्या तोंडी ‘पूना’ म्हणूनच होता.

आमच्या दुहेरीवाल्यांचं दुखणं काय, ते एकदा सांगून टाकतो. एका जिमखान्याची स्पर्धा. नाव घेत नाही, त्यांचे दोन-तीन सभासद इथे बसलेत आणि चहा त्यांच्याकडूनच आहे. एकेरीची फायनल संध्याकाळी पाहुण्यांसमोर झाली. हार, फोटो, नगरसेवकांचं भाषण, सगळं यथासांग. दुहेरीची फायनल कधी? बक्षीस समारंभानंतर! पलीकडे खुर्च्या घडी करून रचतायत, त्या आवाजात आम्ही सर्व्हिस करतोय. शेवटच्या गेमला पंच जेवायला गेले, तर मांडववाल्यानं गुण मोजले. चांगले मोजले, ते असो. आम्ही जिंकलो. आणि बक्षीस? दोघांत मिळून एक चषक! एकेरीवाल्याला एक आणि आम्हा दोघांनाही एकच. कार्यवाह म्हणाले, ‘तुमचं तुम्ही वाटून घ्या.’ चषक काय कलिंगड आहे? मग ठरलं, सहा महिने माझ्याकडे, सहा महिने त्याच्याकडे. पुढे त्याची नागपूरला बदली झाली. चषक कुठे आहे म्हणता? नागपुरात. आणि त्याची बायको त्यात मनीप्लँट लावते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहून आलोय.

हसा, पण वर्तमानपत्रं तरी वेगळं काय करतात? नंदू नाटेकर म्हटलं की आजही लोक १९५६ सालचं मलेशियातलं विजेतेपद सांगतात, आणि सांगावंच. पण १९८२च्या दिल्ली एशियाडमध्ये आपल्या प्रदीप गंधेंनी लेरॉय डिसांबरोबर दुहेरीत ब्राँझ मिळवलं, ते किती जण सांगतील?

बरं, मुद्दा. फूबद्दल कुठेही वाचा, पहिल्या ओळीत आकडा असतोच : २००५च्या सुदीरमन चषकात, म्हणजे देशांच्या मिश्र संघांच्या स्पर्धेत, ताशी ३३२ किलोमीटरचा स्मॅश, वरून खाली हाणलेला फटका. हल्ली आपल्या सात्विकसाईराजचा ५६५ सांगतात. तो मुद्दाम मोजणी लावून मारलेला, त्यामुळे दोघांची तुलना करू नका. माझं म्हणणं एवढंच की ही मोजणी नेहमी मागच्याची होते. पुढच्याचं काय मोजतात? काही नाही. आता हा पुढचा करतो काय, ते पाहा. दुहेरीत हल्ला चढवताना एक जण मागे, एक नेटजवळ. पुढचा गुडघ्यात वाकून उभा, रॅकेट छातीच्या वर, जवळपास जाळीच्या पट्टीला लागून. पाठीमागून पार्टनरचा स्मॅश सुटतो, त्याचा फक्त आवाज येतो. वळून बघायचं नाही. वळलात तर रॅली गेली, आणि नशीब वाईट असेल तर डोळाही. समोरच्याच्या मनगटाकडे बघायचं आणि फूल, म्हणजे शटल, कुठे येणार ते आधीच ओळखायचं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे स्मॅशला फूल मुळात वर उचललं कोणी? समोरच्यानं. त्याला ते उचलायला लावलं कोणी? ह्या पुढच्यानंच, नेटला चिकटून खाली ठेवून. म्हणजे ३३२चं निम्मं श्रेय फूच्या पुढच्या माणसाचं, त्साय युनचं. सात्विकच्या सामन्यांतल्या स्मॅशच्या बाबतीत ते त्याच्या जोडीदाराचं, आपल्या मुंबईच्या चिराग शेट्टीचं. हा मुद्दा मी एका क्रीडा संपादकांना पटवायला गेलो होतो, तर ते...

चिठ्ठी आली. दहा मिनिटं? सात. बरं, संपादक राहू देत.

तर कारकीर्द, भरभर. फू ग्वांगडोंगचा, जन्म १९८३चा. त्साय युन जिआंग्सूमधल्या सूझोऊचा, तीनेक वर्षांनी थोरला. विश्वविजेतेपदं चार : २००६ माद्रिद, २००९ हैदराबाद, २०१० पॅरिस, २०११ लंडन. थॉमस चषक, म्हणजे पुरुष संघांचं विश्वविजेतेपद, २००४ ते २०१२ ओळीनं पाच वेळा चीनकडे, आणि ही जोडी त्या संघांत. ऑलिंपिकचं सुवर्ण मात्र हुलकावणी देत होतं. पुरुष दुहेरीत १९९२पासून पाचही सुवर्णं कोरिया आणि इंडोनेशियानं वाटून घेतली होती. चीनचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक ली योंगबो स्वतः दुहेरीतले दोनदा विश्वविजेते, १९८७ आणि १९८९, तियान बिंगयीबरोबर. त्यांनाही १९९२च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये ब्राँझवरच थांबावं लागलं. २००८ला बीजिंगमध्ये, घरच्या प्रेक्षकांपुढे, फू-त्साय पहिला गेम २१-१२ जिंकून इंडोनेशियाच्या मार्किस किडो आणि हेंद्र सेतियावानकडून हरले. चार वर्षांनी लंडनला डेन्मार्कच्या बो-मोगेन्सनना २१-१६, २१-१५ हरवलं. चीनचं पुरुष दुहेरीतलं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

इथे थांबला असता तर म्हणता आलं असतं, जोडी जमली होती, झालं. पण लंडननंतर त्यानं झांग नानबरोबर नव्यानं मांडणी केली. झांग नान मिश्र दुहेरीतला, लंडनचा सुवर्णविजेता. मिश्रमध्ये पुरुषाला बहुतेक मागचंच कोर्ट सांभाळायचं असतं. फूबरोबर त्याला बऱ्याचदा पुढे यावं लागलं. फू आता स्वतः थोरला. २०१५च्या ऑल इंग्लंडमध्ये ते फायनल हरले. २०१६ला रिओत मलेशियाच्या गोह व्ही शेम आणि तान वी किओंगशी फायनल : १६-२१, २१-११, २३-२१. मलेशियाच्या हातात मॅच पॉइंट होता! दोन वेगवेगळ्या पार्टनरबरोबर पुरुष दुहेरीची दोन ऑलिंपिक सुवर्णं मिळवणारा हा पहिला. पुढचा माणूस बदलला, त्याची सवयही वेगळी, तरी फूला मारायला फूल मिळत राहिलं. ते कसं, हाच खरं तर आजचा विषय होता.

हो हो, उठतो. एवढंच करा. हैदराबादची २००९ची फायनल यूट्यूबवर शोधा, कोरियाच्या जुंग जे-सुंग आणि ली योंग-दे विरुद्धची. तिसरा गेम २८-२६. एकदा फूल न बघता बघा. नेटजवळच्या त्साय युनच्या रॅकेटवर नजर ठेवा, ती कमरेखाली किती वेळा जाते ते मोजा आणि मला कळवा. नंबर कार्यवाहांकडे आहे.