आंधळ्या घड्याळजीची गोष्ट

(दृश्य: प्राग शहरातील जुना नगरचौक. कॅमेरा गर्दीवरून सरकत नगरभवनाच्या दक्षिण भिंतीवर येतो.)

तास भरायला दोन मिनिटे उरली आहेत. भिंतीसमोर माना वर करून उभ्या राहिलेल्या माणसांची दाटी होऊ लागली आहे आणि मुले अर्थातच सर्वांत पुढे घुसली आहेत. तास भरला की घड्याळाच्या तबकडीशेजारी उभा असलेला हाडांचा सांगाडा एका हाताने दोर ओढून घंटा वाजवतो, दुसऱ्या हातातले वाळूचे घड्याळ उलटे करतो आणि चला, वेळ झाली, असे म्हटल्यासारखी मान हलवतो. आरशात स्वतःला न्याहाळणारा गर्विष्ठ, पैशाची थैली घट्ट धरलेला कंजूष आणि पगडी घातलेला तुर्क, असे आणखी तिघे तेथेच उभे आहेत. ते तिघेही नकारार्थी माना हलवतात. मृत्यू बोलावतो आहे आणि निघायची तयारी कोणाचीच नाही, एवढाच हा खेळ. मग वरच्या दोन खिडक्या उघडतात, येशूचे बारा प्रेषित एकामागून एक डोकावून जातात, सोनेरी कोंबडा आरवतो आणि टोले पडतात.

खेळ संपला तरी मुले हलत नाहीत. हे कोणी केले, असे त्यांच्यापैकी एखादे विचारतेच, आणि या प्रश्नाला प्रागमध्ये कित्येक पिढ्या जे उत्तर दिले गेले, ते मुलांना झोपवण्यासाठी सांगावे असे मुळीच नाही.

(दृश्य: काळोखी खोली, मेजावर एकच मेणबत्ती, कागदावर चाकांच्या आकृत्या.)

फार वर्षांपूर्वी या शहरात हानुश नावाचा एक घड्याळजी राहत होता. सूर्य, चंद्र आणि राशी ज्याच्या सांगण्याप्रमाणे फिरतात असे वाटावे, असे एक घड्याळ त्याने नगरभवनासाठी तयार केले. ते पाहायला दूरदूरचे लोक येऊ लागले आणि बघता बघता त्याची कीर्ती परगावी पोहोचली. आपल्याही चौकात असे घड्याळ असावे, असे इतर शहरांना वाटू लागल्याचे नगरपित्यांच्या कानावर आले आणि त्यांची झोप उडाली. एके रात्री हानुश कागदांवर वाकून काही आकृत्या काढत बसलेला असताना तोंडे झाकलेले काही पुरुष त्याच्या घरात शिरले. चुलीत विस्तव होता. त्यांनी त्यात लोखंडी सळई लाल होईपर्यंत धरली आणि त्या सळईने घड्याळजीचे डोळे जाळले.

त्यानंतर पुष्कळ वर्षे हानुश अंधारात जगला. आपले डोळे कोणी घेतले आणि कशासाठी घेतले, हे त्याला हळूहळू उमगले. मरण जवळ आल्याचे जाणवले, तेव्हा आपल्या जुन्या शागिर्दाचा हात धरून तो नगरभवनाच्या पायऱ्या चढला. यंत्रासमोर उभा राहून तो काही वेळ नुसता ऐकत राहिला. बाहेर सांगाड्याने दोर ओढला, आणि त्याच क्षणी म्हाताऱ्याने फिरत्या चाकांत हात घातला. खडखडाट झाला, चाके अडकली आणि घड्याळ थांबले. हानुश तेथेच कोसळला. पुढे कित्येक वर्षे ते घड्याळ पुन्हा चालू करणे कोणालाच जमले नाही.

(दृश्य: काळा पडदा. काही क्षण केवळ यंत्राचा आवाज.)

ही गोष्ट रचणारा जो कोणी असेल, त्याला गोष्ट कशी बसवावी हे पक्के ठाऊक होते. आंधळ्या माणसाला नेमके कोठे हात घालायचा हे कसे कळले, असा प्रश्न ऐकणाऱ्याला पडण्याआधीच त्याने हानुशला यंत्रासमोर उभे करून ऐकायला लावले आहे. घड्याळ दुरुस्त करणारा माणूस आधी कान देतो, कारण ठोक्यांमधले अंतर सारखे नसले की बिघाड आहे हे त्याला झाकण उघडण्यापूर्वीच समजते. नगरपित्यांनी डोळे काढून घेतले आणि कान तेवढे राहू दिले. त्यांची चूक तेथे झाली. मुलांना हा भाग फार आवडतो, असे दिसते.

आता दस्तऐवज काय सांगतात ते पाहू.

(दृश्य: जुन्या हस्तलिखिताचे पान, त्यानंतर तबकडीचे जवळून चित्रण.)

झेक भाषेत ज्याला ओर्लोय म्हणतात, ते हे खगोलीय घड्याळ हानुशने घडवलेलेच नाही. दिनांक ९ ऑक्टोबर १४१० च्या एका दस्तऐवजात ते कादान गावच्या मिकुलाश या घड्याळजीचे काम असल्याचे नमूद आहे, आणि त्यामागचे आकाशाचे गणित प्राग विद्यापीठात शिकवणाऱ्या यान शिंदेल या खगोलशास्त्रज्ञाचे असावे, असे मानले जाते. नगरसभेने मिकुलाशला काय दिले, हेही त्या दस्तऐवजात आहे: राहायला घर आणि वर्षासन. तापलेल्या सळईचा तेथे मागमूस नाही. ज्याला हानुश म्हणत तो यान रूझे हाही खरा माणूस होता, परंतु तो मिकुलाशनंतर सुमारे ऐंशी वर्षांनी, १४९० च्या आसपास या घड्याळावर काम करत होता.

मग नावांची अदलाबदल झाली कशी? सोळाव्या शतकात या घड्याळाची देखभाल यान ताबोर्स्की नावाचा एक अतिशय काटेकोर माणूस करत होता. त्याने १५७० साली घड्याळाचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले आणि त्यात निर्माता म्हणून हानुशचे नाव घातले. घड्याळाविषयी इतके तपशीलवार दुसरे काही हाताशी नसल्यामुळे पुढच्या लोकांनी तेच प्रमाण मानले. अलोईस यिरासेक यांनी १८९४ साली जुन्या झेक दंतकथांचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले, त्यात आंधळ्या हानुशची गोष्ट अशी रंगवली, की ती घराघरांत पोहोचली. मिकुलाशचे श्रेय त्याला परत मिळायला विसावे शतक उजाडावे लागले. खगोलशास्त्राच्या इतिहासाचे अभ्यासक झ्देन्येक होर्स्की यांच्या संशोधनाचा त्यात मोठा वाटा आहे. माझ्या दृष्टीने या सगळ्या प्रकरणातला खरा अंधार हाच आहे. हानुशचे डोळे कोणी काढले नाहीत, पण ते काढल्याची गोष्ट इतकी चांगली होती, की तिच्या मागे मिकुलाशचे नाव शतकानुशतके कोणाला दिसलेच नाही.

(दृश्य: यंत्राची खोली. एकाच आसावरची तीन मोठी चाके.)

मिकुलाशने काय केले होते, ते या तीन चाकांवरून कळते. त्यांचा आकार जवळजवळ सारखा आहे, पण पहिल्याला मुळात ३६५ दाते होते, दुसऱ्याला ३६६ आणि तिसऱ्याला ३७९. तिन्ही चाकांना फिरवणारी छोटी चाके प्रत्येकी २४ दात्यांची, म्हणजे अगदी सारखी आहेत. साहजिकच ज्या चाकाला दाते कमी, त्याची फेरी किंचित लवकर पुरी होते. ३६६ दात्यांचे चाक सूर्याचा काटा फिरवते आणि ३६५ दात्यांचे चाक राशिचक्र फिरवते. त्यामुळे सूर्याच्या ३६५ फेऱ्या होतात, तेवढ्यात राशिचक्राच्या ३६६ होतात. आकाशातही वर्षभरात हेच घडते. सूर्य ३६५ वेळा उगवतो आणि तारे त्याहून एक फेरी अधिक घेतात. एका दात्याच्या फरकात आख्खे वर्ष बसवलेले आहे.

३७९ दात्यांचे तिसरे चाक चंद्राचे आहे आणि चंद्राने मिकुलाशला थोडा त्रास दिला आहे. या दात्यांचा हिशेब केला, तर एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सुमारे २९.१५ दिवस होतात, आणि आकाशातला चंद्र सरासरी २९.५३ दिवस घेतो. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण वर्षभरात तो साडेचार दिवसांच्या पुढे जातो. म्हणजे हिशेब समजणाऱ्या कोणीतरी वर चढून चंद्राचा काटा अधूनमधून हाताने जागेवर आणणे भागच होते. यंत्र स्वतःच्या बळावर चालते, असे खाली चौकात उभ्या असलेल्या माणसाला वाटते. वरच्या खोलीतल्या माणसाला तसे वाटत नाही.

असा माणूस राहिला नाही की घड्याळ बंद पडते, आणि ओर्लोय अनेकदा बंद पडले ते याच कारणाने. त्यासाठी कोणाला सूड घ्यावा लागला नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात तर ते मोडीत काढण्याची वेळ आली होती. खगोलशास्त्राचे प्राध्यापक आन्तोनीन स्त्र्नाद यांनी त्याची बाजू घेतली आणि यान लांदेस्पर्गर या घड्याळजीने ते पुन्हा चालते केले, म्हणून ते वाचले. खरा घाव बसला तो ८ मे १९४५ रोजी. युद्ध संपता संपता जर्मन सैन्याच्या माऱ्यात नगरभवनाला आग लागली आणि लाकडी प्रेषित जळून गेले. आज खिडकीतून डोकावतात ते त्यानंतर नव्याने कोरलेले आहेत. घड्याळ १९४८ साली पुन्हा सुरू झाले.

(दृश्य: नकाशावर प्रागपासून एकेक शहर उजळत जाते.)

गंमत अशी, की आंधळा घड्याळजी एकट्या प्रागचा नाही. बाल्टिक समुद्राकाठच्या ग्दान्स्क शहरात सेंट मेरी चर्चमधले खगोलीय घड्याळ हान्स ड्युरिंगरने १४६४ ते १४७० या काळात उभारले. त्याचेही डोळे काढल्याचे तेथे सांगतात. स्ट्रासबर्गच्या कॅथीड्रलमधल्या घड्याळाबद्दल हेच ऐकायला मिळते. व्हेनिसमध्ये घड्याळाचा मनोरा १४९९ साली सुरू झाला, त्यातले घड्याळ घडवणाऱ्या रैनिएरी पितापुत्रांविषयीही हीच कथा आहे. प्रत्यक्षात व्हेनिसच्या सरकारने त्यातल्या मुलाला घड्याळाची निगा राखण्यासाठी आपल्याकडेच ठेवून घेतले, आणि ज्याने घड्याळावर नजर ठेवायची त्याला आंधळा करून कोणाचेच भले झाले नसते. तरीही गोष्ट गावोगाव फिरली. जेथे जेथे लोकांना आपल्या चौकातले घड्याळ जगावेगळे वाटले, तेथे तेथे तिने मुक्काम केला. आमच्यासारखे दुसरीकडे नाही, एवढे सांगायला एका माणसाचे डोळे खर्ची पडले.

स्ट्रासबर्गमध्ये मात्र एक दुसरीही गोष्ट सांगतात. तेथले जुने घड्याळ १७८८ साली बंद पडले होते. ते पाहायला आलेल्या लोकांना कॅथीड्रलचा सेवक म्हणाला, की हे आता कोणीच चालू करू शकणार नाही, आणि गर्दीतले एक लहान पोर ओरडले, मी करीन. हे खरोखर घडले की नाही, हा भाग वेगळा. पण १८३८ साली त्या जागी नवे यंत्र बसवायला घेणारा आणि १८४२ साली ते चालू करून दाखवणारा ज्यां-बाप्तिस्त श्विल्गे हा माणूस खरा होता, आणि घड्याळ बंद पडले तेव्हा त्याचे वय बारा वर्षांच्या आसपास होते.

(दृश्य: पुन्हा प्रागचा चौक, संध्याकाळ. तबकडीवर दिवे लागले आहेत.)

तास भरत आला आहे. पुढे उभ्या असलेल्या एका मुलीला आजोबांनी खांद्यावर घेतले आहे आणि ते तिच्या कानाशी काहीतरी सांगत आहेत. ते कोणाचे नाव घेत आहेत, हे गर्दीच्या आवाजात ऐकू येत नाही. मुलगी एकदा तबकडीकडे पाहते, मग आपल्या दोन्ही डोळ्यांवर हात ठेवते आणि बोटांच्या फटीतून सांगाड्याकडे बघत राहते. त्याने दोर ओढला आहे.

(घंटेचा आवाज. पडदा काळा होतो, आवाज चालू राहतो.)