ताकद वाढली, मग चाल का नाही सुधारली?

फिजिओथेरपीत आपण दोन वेगळ्या गोष्टी मोजतो. स्नायू किती जोर लावू शकतो ही एक, आणि त्या जोरावर माणूस प्रत्यक्षात काय करू शकतो ही दुसरी. उठणं, वळणं, जिना चढणं हे सगळं दुसऱ्या खात्यात येतं. दोन्हींचा संबंध आहेच, पण तो सरळ रेषेतला नाही. आज मला बोलायचंय ते त्या वळणाबद्दल.

खुर्चीतून हात न टेकता पाच वेळा उठून बसायची चाचणी घ्या. वृद्धांमध्ये त्याला पंधरा सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला तर युरोपीय तज्ज्ञगटाच्या निकषांनुसार स्नायूंची ताकद कमी असल्याची शंका घ्यायची. मांडीच्या पुढच्या स्नायूत, म्हणजे क्वाड्रिसेप्समध्ये, ताकद फारच कमी असलेल्या आजींना थोडा व्यायाम दिला की या चाचणीत फरक लगेच दिसतो. चालण्याचा वेगही सुधारतो. तोच व्यायाम धडधाकट तरुणाला द्या. त्याची ताकद वाढेल, पण नेहमीचा चालण्याचा वेग जिथल्या तिथे राहील. त्या कामाला लागते त्याहून अधिक ताकद त्याच्याकडे आधीपासूनच शिल्लक आहे. म्हणजे एका मर्यादेखाली ताकदीचा कण न् कण चालीत उतरतो, मर्यादेच्या वर ती नुसती राखीव राहते. ही राखीव ताकद निरुपयोगी नाही बरं का. आजारपणात आठवडाभर अंथरुणाला खिळलेला माणूस तिच्याच जिवावर पुन्हा उठतो.

आता मोजण्याकडे येऊ. हाताने विरोध देऊन शून्य ते पाच ग्रेड देण्याची पद्धत आपल्या सगळ्यांच्या हाडीमाशी खिळली आहे. तीन ग्रेड म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पूर्ण हालचाल, इथपर्यंत ती चोख आहे. त्यापुढे मात्र तपासणाऱ्याच्या दंडातला जोरच आड येतो. दोन्ही पायांना पाच ग्रेड मिळते आणि डायनॅमोमीटर, म्हणजे जोर आकड्यात मोजणारं यंत्र, लावला की एक पाय दुसऱ्यापेक्षा बराच अशक्त निघतो. मग ‘ताकद नॉर्मल आहे, तरी जिना चढवत नाही’ असं कोडं उभं राहतं. कोडं कसलं, मापच तोकडं!

उलट बाजूनेही फसगत होते. गुडघ्याच्या एसीएल (सांधा स्थिर ठेवणारा आतला एक अस्थिबंध) शस्त्रक्रियेनंतर एका पायावर लांब उडी मारायला लावतात आणि दुसऱ्या पायाच्या नव्वद टक्के अंतर गाठलं की बऱ्याच ठिकाणी खेळाडूला मैदानावर सोडतात. पण पुढे झेपावताना बहुतेक जोर घोटा आणि खुबा लावतात, गुडघ्याचा वाटा लहान असतो. खेळाडू अंतर गाठतो आणि क्वाड्रिसेप्स तसाच अशक्त राहतो. सरळ वर मारलेल्या उडीत गुडघ्याला अशी लपायला जागा कमी मिळते. माझ्या मते नुसत्या लांब उडीवर परवानगी देणं हा निष्काळजीपणा आहे.

आणखी एक घटक आपण विसरतो, तो म्हणजे वेळ. स्नायूला आपला पूर्ण जोर गाठायला साधारण तीनशे मिलिसेकंद किंवा त्याहून जास्त लागतात. ठेच लागल्यावर तोल सावरायला एवढा अवधी बहुधा मिळत नाही. वयाबरोबर जलद आकुंचन पावणारे तंतू अधिक बारीक होतात, त्यामुळे जोर जितका घटतो त्याहून तो झटकन लावण्याची क्षमता लवकर घटते. म्हणून संथपणे वजन उचलणाऱ्या आजोबांची ‘टाइम्ड अप अँड गो’ (खुर्चीतून उठून, थोडं चालून, वळून परत बसायला लागणारा वेळ मोजणारी चाचणी) सुधारली नाही, तर त्यांना उठताना वेगाने आणि बसताना सावकाश, असा सराव देऊन पाहा.

आणि जोर पुरेसा, वेगही बरा, तरी चाचणी संथ? मग तळपायाची संवेदना, दृष्टी, घोट्याची हालचाल, दुखणं आणि पडण्याची भीती तपासा. भीती बाळगणारा माणूस पाय मागे न घेताच उठायला जातो आणि अडकतो.

शेवटी एक किरकोळ वाटणारी सूचना. खुर्चीची उंची दर वेळी लिहून ठेवा. तीस सेकंदांत किती वेळा उठता येतं हे मोजणाऱ्या चाचणीला सुमारे ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची घेतात. आसन खाली गेलं की गुडघ्यावर आणि खुब्यावर जास्त भार येतो. पहिल्या भेटीत बुटकी खुर्ची आणि पुढच्या भेटीत उंच खुर्ची वापरलीत, तर कागदावर दिसणारी सुधारणा पेशंटची की खुर्चीची, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.