पदपथावरच्या बायकांचा हिशेब

मित्रहो, २०११च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीची रात्र बेघरांसाठी राखून ठेवली होती. फुटपाथ, उड्डाणपुलाखालची जागा, रेल्वेचे फलाट, देवळांचे मंडप, रस्त्याकडेला पडलेले मोठे पाइप, असं सगळीकडे प्रगणक फिरले आणि देशभरात सुमारे १७ लाख ७० हजार माणसांची नोंद झाली. एकट्या मुंबईत ५७ हजारांहून जास्त. या क्षेत्रात काम करणारे म्हणतात की खरा आकडा याहून मोठा आहे, आणि मलाही ते पटतं. पोलिसाची गाडी दिसली की बिछाना गुंडाळून पुढच्या गल्लीत जाणारी माणसं एका रात्रीत कशी मोजून होणार?

पण आज मला मोजणीच्या त्रुटींवर बोलायचं नाही. मोजणीच्या ताकदीवर बोलायचं आहे. मुंबईत बेघरांनी स्वतः उभारलेलं एक मोठं काम मोजणीतूनच सुरू झालं, आणि त्यात पुढे होत्या भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायका.

१९८१च्या जुलैत, ऐन पावसात, तेव्हाचे मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुले यांनी फुटपाथवरच्या लोकांना हटवून मूळ गावी पाठवण्याचं जाहीर केलं. झोपड्या पाडल्या गेल्या, माणसांना बसमध्ये बसवलं गेलं. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही फुटपाथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ला निकाल आला. पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाचा निकाल, लिहिणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड. घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्कही येतो, असं त्यात स्पष्ट म्हटलं. ही माणसं फुटपाथवर का राहतात, याचं उत्तरही न्यायालयानं दिलं: काम जवळ असतं, आणि लांबून यायचा वेळ आणि भाडं त्यांना झेपत नाही, फुटपाथ गेला की काम गेलं. वकिलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हा निकाल माहीत असतो. मात्र याच निकालानं रीतसर कारवाई करून झोपड्या हटवायची मुभा महापालिकेला दिली, हे सांगायचं बहुतेक वेळा राहून जातं. पावसाळ्यापुरती, म्हणजे ३१ ऑक्टोबरपर्यंत, सवलत. १९७६च्या झोपडपट्टी गणनेत ज्यांना ओळखपत्र मिळालं होतं त्यांना पर्यायी जागा द्यायची होती. बहुतेक फुटपाथवाल्यांना त्या गणनेत मोजलंच नव्हतं.

म्हणजे जिंकूनही हातात काही नाही. १ नोव्हेंबरला काय होणार, हीच भीती.

शीला पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली ‘स्पार्क’ ही संस्था भायखळ्यात सुरू केली होती. तिथे येणाऱ्या बायकांबरोबर ठरलं की सरकारनं मोजलं नाही तर आपण मोजू. १९८५मध्ये सुमारे ६,००० कुटुंबांची पाहणी झाली. कुठून आलात, कधीपासून आहात, काय काम करता, कामावर कसे जाता? मला या प्रश्नांचं मोल फार वाटतं, कारण ते विचारले गेले तेव्हा ‘फुटपाथवाले म्हणजे भिकारी आणि चोर’ हे वाक्य शहरात सर्रास बोललं जात होतं. उत्तरांतून दिसली ती मजुरी करणारी, हातगाडी ओढणारी, घरकाम करणारी, वर्षानुवर्षं एकाच जागी राहणारी कुटुंबं. कित्येक मुलं तर फुटपाथवरच जन्मलेली.

या बायकांची ‘महिला मिलन’ संघटना १९८६मध्ये उभी राहिली. तिच्यासोबत होता जोकिन अर्पुतम यांचा राष्ट्रीय झोपडपट्टीवासी महासंघ. जोकिन स्वतः जनता कॉलनीत राहिलेले. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या विस्तारासाठी १९७६ साली ती वस्ती उठवून चीता कॅम्पला हलवली गेली, म्हणजे उठवलं जाणं त्यांनी स्वतः सोसलं होतं.

महिला मिलननं काय केलं? रोजची बचत. आठवड्याची नाही, महिन्याची नाही, रोजची. कारण रोजंदारीवर जगणाऱ्याच्या हातात पैसा रोज येतो आणि रोज जातो. वस्तीतलीच एक बाई दारोदार फिरून एक, दोन, पाच रुपये गोळा करायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येकीची एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात रंगीत कागदाचे चौकोन, आणि प्रत्येक रंगाची ठरलेली रक्कम. कोणीही उघडून बघावं आणि हिशेब समजून घ्यावा. नवऱ्याचं काम सुटलं, पोराला ताप आला, की याच पैशातून कर्ज मिळायचं आणि सावकाराचं दार टळायचं. रोज दारी येणाऱ्या बाईला कोणाच्या घरी चूल पेटली नाही हेही कळायचं. माझ्या मते बचतीच्या रकमेइतकंच मोल या रोजच्या फेरीला आहे. अडचणीतलं कुटुंब मदत मागायला सहसा येत नाही; कोणीतरी त्याच्या दाराशी जावं लागतं.

पुढे त्यांनी घराचा नकाशा काढला. कापड आणि बांबू घेऊन खऱ्या मापाची घरं उभी केली, आत फिरून बघितलं आणि चौदा फूट उंचीच्या खोलीत पोटमाळा हवा असं ठरवलं. मंत्री, अधिकारी, बँकवाले प्रदर्शन बघायला आले. घर हातात पडायला मात्र फार वर्षं गेली. १ जानेवारी १९९५च्या आधीपासून राहणारे पात्र, अशी मुदत धरून झोपडपट्टी पुनर्वसन धोरणात फुटपाथवासींचा समावेश झाला, तेव्हा वाट मोकळी झाली. मानखुर्दच्या मिलन नगरमध्ये फुटपाथवरची कुटुंबं राहायला गेली ती त्यानंतर.

इथे मला एक गोष्ट ठणकावून सांगायची आहे. घर मिळालं की प्रश्न सुटला, असं नाही. मानखुर्द-गोवंडीतल्या लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंडसारख्या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या खेटून बांधल्या की खालच्या मजल्यांवर ऊन पोहोचत नाही, हवा खेळत नाही. २०१८च्या एका अभ्यासात डॉक्टरांनी तिथल्या क्षयरोगाचा संबंध या रचनेशी जोडला. ज्यांना राहायचं होतं त्यांना नकाशा दाखवलाच नाही, की असं होतं.

आता आपल्याकडे येतो. शहरी निवाऱ्यांसाठी केंद्राच्या योजनेनं निकष घालून दिला होता: एक लाख लोकसंख्येमागे शंभर माणसांचा एक कायम निवारा. मुंबईची लोकसंख्या २०११मध्ये सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. शहर त्याच्या जवळपासही नाही. आहेत त्यांतही आई, बाप आणि मुलं एकत्र राहू शकतील अशी जागा शोधावी लागते.

निवाऱ्यांसाठी पाठपुरावा करायलाच हवा. पण कुटुंब रस्त्यावर येण्याआधीचा टप्पा आपल्या आवाक्यातला आहे. अकरा महिन्यांचा करार संपतो, मालक भाडं वाढवतो, नव्या खोलीला डिपॉझिट लागतं, आणि ते पैसे गेल्या महिन्यात दवाखान्यात गेलेले असतात. धुणंभांडी करणारी बाई, रिक्षावाला, वॉचमन इथेच घसरतात. त्यांना दान नको असतं; काही हजार रुपये बिनव्याजी आणि फेडायला वेळ हवा असतो.

ही रक्कम उभी करायला आपल्याकडे माणसं आणि जागा तयार आहेत. लालबागच्या राजाचं मंडळ डायलिसिस केंद्र चालवतं. गाडगेबाबांच्या दशसूत्रीत ‘बेघरांना आसरा’ हे शब्द आहेत, आणि त्यांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही कॅन्सरच्या उपचारांसाठी गावाहून आलेल्या कुटुंबांना परवडेल अशा दरात जागा देते. प्रत्येक वॉर्डातल्या गणेशोत्सव मंडळानं वर्गणीतला ठरावीक भाग अशा कुटुंबांना डिपॉझिटसाठी कर्ज देणाऱ्या निधीला द्यावा, आणि कर्ज कोणाला द्यायचं ते वस्तीतल्याच बायकांनी ठरवावं, अशी माझी मागणी आहे.

दुसरं काम त्याहून सोपं आहे आणि उद्यापासून करता येईल. जन्माचा दाखला नाही म्हणून शाळेनं मूल परत पाठवलं तर मुख्याध्यापकांना शिक्षण हक्क कायद्याचं चौदावं कलम दाखवा; वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारता येत नाही. आणि मतदार यादीसाठी नमुना ६ भरून घ्या. बेघर माणसाला त्यासाठी पत्त्याचा कागद लागत नाही. अर्जात तो जिथे झोपतो ती जागा लिहायची, आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री येऊन तो खरंच तिथे झोपतो का ते बघतो, एकाहून जास्त रात्री. त्या रात्रींना पोलिसांनी त्यांना हुसकावलेलं असेल तर अर्ज बाद होतो. म्हणून अधिकारी कोणत्या रात्री येणार ते आधी विचारून घ्यायचं, चौकीत लेखी कळवायचं आणि आपल्यापैकी दोघांनी तिथे हजर राहायचं. ज्यांची तयारी आहे त्यांनी व्याख्यान संपल्यावर थांबावं, वॉर्डनिहाय यादी आजच करू.