'हट्टी' हा शब्द वहीत लिहायचा नाही

(ऑटिझम असलेल्या मुलांसोबत काम शिकणाऱ्या तरुण-तरुणींसमोर आणि पालकांसमोर नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आधी तो कूलर बंद करा. उकडेल, नागपूरचा एप्रिल आहे, पण मागच्या रांगेतला छोटा मघापासून दोन्ही कानांवर हात ठेवून बसलाय. हं. आता ठीक.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्यांना पहिल्या दिवशी मी एकच काम देते. एका मुलाकडे दहा मिनिटं बघायचं आणि जे दिसेल ते वहीत लिहायचं. वह्या तपासायला घेतल्या की दर वर्षी तेच असतं : 'मुलगा हट्टी आहे. आईचं ऐकत नाही. मुद्दाम ओरडतो.' मी लाल पेनानं सगळं खोडते. शिकायला आलेली मुलं हिरमुसतात. मी विचारते, हट्ट तुला कुठं दिसला? डोळ्यांना काय दिसलं ते सांग. मग हळूहळू दुसरी नोंद तयार होते : '११ वाजून १० मिनिटांनी आईनं मोबाइल काढून घेतला. मुलगा खाली बसला, उजवा हात चावला, ओरडला. दोन मिनिटांनी आईनं मोबाइल परत दिला. ओरडणं थांबलं.' या नोंदीवर काम करता येतं. 'हट्टी'वर काय करणार?

आपल्या भाषेत मुलांसाठी तयार शब्द फार. वांड, हेकट, आगाऊ, आजीनं लाडावून ठेवलेला. शब्द चिकटवला की आपलं बघणंच थांबतं.

म्हणून वहीत तीन रकाने : आधी काय झालं, मुलानं काय केलं, नंतर काय झालं. आठ-दहा दिवसांच्या नोंदी समोर ठेवल्या की बहुतेक वेळा चारपैकी एक कारण हाती लागतं. काहीतरी हवं असतं. कुणाचं लक्ष हवं असतं. काहीतरी टाळायचं असतं. किंवा त्या कृतीनं शरीरालाच बरं वाटत असतं. चावणं एकच, पण कारण बदललं की उपाय बदलतो. गणिताचा कागद फाडणाऱ्या मुलाला तुम्ही वर्गाबाहेर उभं केलंत, आणि त्याला नेमकं गणितच टाळायचं होतं, तर तुम्ही शिक्षा केली नाही, बक्षीस दिलंत. उद्या तो दोन कागद फाडेल.

हे सगळं मला पाठ होतं, तरी मी चुकले. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. सात वर्षांचा मुलगा, बोलत नव्हता. अचानक स्वतःच्या उजव्या गालावर चापट्या मारायला लागला. चापट मारली की वर्गातले सगळे धावायचे, म्हणून मी निष्कर्ष काढला की याला लक्ष हवंय. चापटीकडे दुर्लक्ष करायचं, असा आराखडा मी करून दिला. तीन आठवडे आकडा वाढत गेला. लक्ष देणं बंद केलं की वर्तन आधी उसळतं आणि मग उतरतं, हे खरंच आहे, आणि मी त्याच वाक्याच्या आड लपले. शेवटी जेवणाच्या सुट्टीत मुलांना वाढणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "मॅडम, तो डाव्याच बाजूनं चावून खाते जी." दाताच्या डॉक्टरांकडे नेलं. उजवीकडची दाढ किडली होती, आत पू झाला होता.

माझी वही मी अजून ठेवलीय. 'आधी काय झालं' या रकान्यात मी वीसेक वेळा लिहिलंय : 'काहीच नाही.' तेव्हापासून 'काहीच नाही' हे दोन शब्दही खोडते. आणि वर्तन अचानक बदललं तर आधी डॉक्टर. दात, कान, पोट, बद्धकोष्ठता, झोप, हे बघितल्याशिवाय आराखडा नाही.

वर्तन असं नोंदून बदलायच्या या विद्येचा, म्हणजे एबीएचा (उपयोजित वर्तन विश्लेषण), इतिहास फार सोज्वळ नाही, तोही माहीत असावा. १९८७ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ इव्हार लोवास यांनी ऑटिझम असलेल्या १९ मुलांवरच्या कामाचे निष्कर्ष छापले. आठवड्याला ४० तास शिकवणी, आणि त्यातली ९ मुलं नेहमीच्या वर्गात पहिली इयत्ता पार करून गेली. जगभर गाजलं. पण त्या पद्धतीत जोरात 'नो' ओरडणं होतं, मांडीवर फटका मारणं होतं. अशा शिकवणीतून गेलेली मुलं आता मोठी झालीत, ती लिहितात, बोलतात, आणि आपल्याला सुनावतात. ऐका. माझ्याकडे शिकणारी एखादी मुलगी उत्साहानं सांगते, "ताई, आज त्यानं माझ्या डोळ्यांत बघितलं." मी विचारते, कशाला हवं होतं? तो हात फडफडवतो, कुणाला लागत नाही, राहू द्या. डोकं भिंतीवर आपटतो, तिथं कामाला लागा.

४० तास म्हटलं की आणखी एक आठवतं. या विद्येत प्रमाणपत्र देणाऱ्या अमेरिकेतल्या मंडळाचं (बीएसीबी) तंत्रज्ञ-प्रशिक्षण ४० तासांचं असतं. त्यानंतर प्रत्यक्ष कामाची चाचणी, परीक्षा आणि सतत वरिष्ठांची देखरेख. आपल्याकडच्या जाहिरातींत फक्त ४० तास उरतात. शिवाय ते मंडळ २०२३ पासून भारतातून नवे अर्ज घेतच नाही. पालकांनो, थेरपिस्टला भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारायला लाजू नका. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६च्या कायद्यातल्या २१ अपंगत्वांत ऑटिझम आहे. अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचं काम रेंगाळत ठेवू नका.

नव्या थेरपिस्टना हे शिकवायचं कसं? सांगा, करून दाखवा, करून घ्या, चुकलं की तिथंच दुरुस्त करा. एक जण मूल होतो, एक थेरपिस्ट, दोघं वेगवेगळं बसून नोंदी करतात. दोघांच्या नोंदी शंभरात निदान ८० जुळल्या पाहिजेत. पहिल्या आठवड्यात निम्म्याही जुळत नाहीत, कारण एकाला चावणं दिसतं आणि दुसऱ्याला राग दिसतो.

आता मारबतीच्या मिरवणुकीचं सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारीकडे काय गर्दी असते, ढोल-ताशे काय असतात, नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. एका घरात मुलाला नेण्याचा आग्रह काकांचा. आई घाबरलेली, कारण गेल्या वेळी त्यानं हात रक्त येईपर्यंत चावला होता. आम्ही तीन आठवडे तयारी केली. ढोलाचं रेकॉर्डिंग आधी अगदी बारीक आवाजात, सोबत संत्रा बर्फीचा तुकडा. मग आवाज थोडा वर. पण मुख्य शिकवलं ते 'बस' लिहिलेलं एक कार्ड. कार्ड दाखवलं की आवाज बंद, त्याच क्षणी, दर वेळी. हाताचं चावणं जे सांगत होतं, ते कार्डानं सांगायचं.

मिरवणुकीच्या दिवशी माझ्याकडची एक विद्यार्थिनी सोबत होती. चौथ्या मिनिटाला पोरानं कार्ड वर केलं. काका म्हणाले, "अरे, आत्ता तर आलो बापा!" आईनं त्याला उचललं आणि सरळ गल्लीत शिरली. दुसऱ्या दिवशी मुलीनं वही दाखवली : 'कार्ड दाखवलं, १ वेळा. हात चावला, ० वेळा. काका चिडले, १ वेळा.'

'चिडले' मी खोडलं. म्हटलं, काकांनी काय केलं ते लिही.