पाच लाखांचा चेक

नमस्कार श्रोतेहो. कॉलेजांना परदेशातून मिळणाऱ्या देणग्या, हा आजचा विषय.

समजा, गड्ड्याच्या यात्रेला अमेरिकेतला एक माजी विद्यार्थी सोलापुरात आला. जुन्या कॉलेजात डोकावला. प्राचार्यांनी कॉम्प्युटर लॅब दाखवली, निम्मी मशीन बंद. त्याला भरून आलं, उभ्या उभ्या पाच लाखांचा चेक फाडला. चेक रुपयांचा, बँकेची शाखा इथलीच, खातं त्याचं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं रुपयांचं खातं. चहा झाला, शाल-श्रीफळ झालं. सचिव म्हणाले, "अहो, आपलाच पोरगा! यात परदेशी काय?" चेक दुसऱ्या दिवशी संस्थेच्या रोजच्या खात्यात. (लॅबला देणारे पुष्कळ भेटतात हो, लॅब असिस्टंटच्या पगाराला कुणी देत नाही. असो.)

घोळ इथेच झाला. पोरगा आता अमेरिकेचा नागरिक आहे. ओसीआय, म्हणजे मूळच्या भारतीयांना मिळणारं कार्ड असलं तरी कायद्याच्या लेखी तो परदेशी, आणि त्याचा रुपयांतला चेकसुद्धा परदेशी देणगी. पासपोर्ट भारताचा असता, तर स्वतःच्या बचतीतून दिलेला हाच चेक चालला असता. म्हणून आधी पासपोर्ट बघा. पुन्हा सांगतो, पासपोर्ट! देणगीच्या फॉर्मवर नागरिकत्वाचा रकाना ठेवा आणि झेरॉक्स जोडून घ्या.

एफसीआरए 2010, म्हणजे परदेशी देणग्यांचा कायदा, त्याप्रमाणे पैसा घेण्याआधी नोंदणी हवी. त्यासाठी संस्था किमान तीन वर्षं जुनी आणि त्या काळात कामावर 15 लाख खर्च केलेली लागते. तेवढं नसेल, तर देणगीदाराचं हमीपत्र जोडून एफसी-3बी फॉर्मवर पूर्वपरवानगी मागा. पैसा उतरतो फक्त दिल्लीत, स्टेट बँकेच्या संसद मार्गावरच्या मुख्य शाखेत. तिथून पुढे इथल्या खर्चाच्या खात्यात. 2020 पासून तो दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, भगिनी संस्थेलाही नाही. कॉलेजला भेट आलेले लॅपटॉपही हिशेबात धरा. परदेशी विद्यार्थ्यांची फी मात्र देणगी नव्हे.

अमेरिकेत विद्यापीठाला एकाच परदेशी स्रोताकडून वर्षात अडीच लाख डॉलर मिळाले, की सरकारला कळवावं लागतं. आपल्याकडे अशी खालची मर्यादा नाही, पाच हजारही मोजायचे. एफसी-4, म्हणजे परदेशी देणग्यांचं वार्षिक विवरणपत्र, 31 डिसेंबरपर्यंत, सीएकडून तपासलेल्या हिशेबासह. नोंदणी असेल तर वर्षात रुपया आला नाही तरी शून्याचं भरायचंच. शून्याचंही, 31 डिसेंबर. नमस्कार.