बंद लखोट्यावरची सही

मतदान केंद्रावर समोरची व्यक्ती खरोखर मतदारच आहे ना, हे तपासावे लागते आणि तिने कोणाला मत दिले, हे मात्र कोणालाही कळू द्यायचे नसते. केंद्रात त्यासाठी पुठ्ठ्याचा आडोसा पुरतो. मतदान मोबाइलवर आले की तोच आडोसा गणिताने उभा करावा लागतो.

अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांनी १९८२ साली त्यासाठी एक युक्ती मांडली आणि जुलै १९८८मध्ये त्यांना तिचे अमेरिकी पेटंट मिळाले. समजा, मतदाराने आपली मतपत्रिका आतून कार्बन लावलेल्या लखोट्यात बंद केली. अधिकारी मतदाराची ओळख पटवून लखोट्यावर बाहेरून सही करतो आणि ती कार्बनमुळे आतल्या पत्रिकेवर उमटते. पुढे मतदार लखोटा फोडून पत्रिका निनावी पाठवतो, तेव्हा अधिकाऱ्याला आपली सही ओळखता येते, पण ही पत्रिका कोणाच्या लखोट्यातली, हे सांगता येत नाही. संगणकावर लखोट्याचे काम एक गुप्त संख्या करते: मतदार तिने मजकूर झाकतो, सही मिळाल्यावर ती संख्या काढून टाकतो आणि सही शाबूत राहते.

ब्लॉकचेन, म्हणजे अनेक ठिकाणी एकाच वेळी ठेवलेली खातेवही, ही त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आलेली गोष्ट. तिच्यावर आधारलेल्या मतदान पद्धतीसाठी अमेरिकी टपाल सेवेने फेब्रुवारी २०२०मध्ये केलेला पेटंट अर्ज त्याच वर्षी ऑगस्टमध्ये प्रसिद्ध झाला. (अर्ज प्रसिद्ध होणे म्हणजे पेटंट मिळणे नव्हे, हे येथे सांगितलेले बरे.) त्यातील कल्पनेनुसार नोंदणीकृत मतदाराला टपालाने एक कोड येतो, त्यावरून त्याची ओळख निश्चित होते, ओळख आणि मत वेगळे केले जाते आणि मत ब्लॉकचेनवर नोंदवले जाते.

ही खातेवही गुपचूप बदलणे अवघड असते, हे खरेच. पण वहीत काय लिहिले जाणार, ते मतदाराच्या फोनमध्ये आधीच ठरलेले असते. २०१८ साली अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या परदेशस्थ मतदारांपैकी १४४ जणांनी व्होट्झ नावाच्या ॲपवरून मतदान केले. ओळखपत्राशी चेहरा जुळवणे आणि ब्लॉकचेन या दोन्ही गोष्टी त्या व्यवस्थेत होत्या. फेब्रुवारी २०२०मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ते ॲप उलगडून पाहिले आणि फोनचा ताबा मिळवलेल्या हल्लेखोराला मत बदलता येईल, असा निष्कर्ष काढला. कंपनीने तो फेटाळला. वेस्ट व्हर्जिनियाने मात्र त्या वर्षीच्या प्राथमिक (पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुकीत ते ॲप वापरले नाही.