चोवीस तासांच्या आतली सुई

(दृश्य : प्राथमिक आरोग्य केंद्र. प्रसूतिगृहातला पाळणा.)

बाळ जेमतेम दोन तासांचं. डाव्या मांडीत अर्धा मिली लस जाते, बाळ टाहो फोडतं, आजी "झालं झालं" म्हणत पुढे होते. सिस्टर कार्डावर वेळ लिहितात. हा हिपॅटायटिस बीचा, म्हणजे यकृताला सूज आणणाऱ्या विषाणूवरच्या लशीचा 'झिरो डोस', जन्मापासून चोवीस तासांच्या आत द्यायचा.

एवढी घाई कशाला?

आपल्याकडे कावीळ म्हटली की उसाचा रस, बिनतेलाचं जेवण आणि कुणीतरी सांगितलेला झाडपाला. इथे मात्र कावीळ बहुधा दिसतच नाही. धडधाकट मोठ्या माणसाला लागण झाली, तर शंभरातले पंचाण्णवहून जास्त जण विषाणूला हुसकावून लावतात. आईकडून नवजात बाळाला झाली, तर शंभरातल्या नव्वदांच्या यकृतात तो कायमचा मुक्काम ठोकतो. मग चाळिशी-पन्नाशीत कधीतरी पोटात पाणी होतं, नाहीतर सोनोग्राफीत कर्करोगाची गाठ दिसते.

(दृश्य : तैपेई, जुनी छायाचित्रं.)

तैवानमध्ये लशीआधी दर दहा मुलांमागे साधारण एक वाहक, म्हणजे विषाणू अंगात बाळगणारं, होतं. जुलै १९८४ मध्ये तिथे वाहक आयांच्या बाळांना लस टोचायला सुरुवात झाली, दोन वर्षांनी सगळ्याच बाळांना. कर्करोग जर पन्नाशीत होतो, तर लशीचा गुण कळायला अर्धं शतक थांबायचं का? थांबावं लागलं नाही. आधी तान्ह्या बाळांत फरक दिसला. यकृत एकाएकी निकामी होऊन १९७५ ते १९८४ या काळात लाखामागे ५.३६ अर्भकं दगावत होती. १९८५ ते १९९८ मध्ये हे प्रमाण १.७१ वर आलं. पाठोपाठ सहा ते चौदा वर्षांच्या मुलांतला यकृताचा कर्करोग लाखामागे ०.७० वरून ०.३६ झाला. आकडे चिमुकले आहेत, कबूल. पण लस टोचून कर्करोग टळतो, याचा पहिला ठोस पुरावा तो हाच.

(दृश्य : जगाचा नकाशा.)

जगाचा आकडा मात्र उलटा चढतोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने विषाणूजन्य हिपॅटायटिसने २०१९ मध्ये ११ लाख माणसं गेली, २०२२ मध्ये १३ लाख. त्यातली ११ लाख एकट्या 'बी'ची. म्हणजे लस फसली? छे. नवी लागण कमी होते आहे. आज जाणारे बहुतेक लस येण्याआधी जन्मलेले, आणि आपल्या अंगात विषाणू आहे हे त्यांतल्या बहुतेकांना माहीतच नव्हतं. भारतात असे सुमारे ३ कोटी लोक हा विषाणू घेऊन वावरतात. आपल्याकडे ही लस २००२ मध्ये मोजक्या ठिकाणी सुरू झाली, देशभर पोचली २०११ मध्ये. त्या वर्षी जन्मलेलं मूल पन्नाशी गाठेल २०६१ साली.

(दृश्य : पुन्हा आरोग्य केंद्र.)

बाळ आता झोपलंय. आईचं रक्त गरोदरपणातच तपासून झालं होतं. बाहेर बाकड्यावर बाळाचे वडील पेढ्यांचा पुडा घेऊन बसलेत. जन्म १९९४ चा. त्यांची तपासणी कधीच झालेली नाही.